ब्रेकवाल्याची भिंगरी

मिस्त्रींच्या दुकानात सायकल नुसती पंक्चरसाठी टाकली, तरी ती लगेच हातात पडेल या भ्रमात कुणी राहत नसे. पंक्चर निघायचं दहा मिनिटांत. मग मिस्त्री सायकल उभी करायचे, पुढचा ब्रेक दाबायचे, मागचा दाबायचे, रबरं नखाने टोकरून बघायचे, आणि मनासारखं नसलं तर सरळ सांगायचे, "संध्याकाळी या." गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, मला घाई आहे. मिस्त्री म्हणायचे, "घाई आहे म्हणूनच म्हणतोय." गल्लीने त्यांचं नाव ब्रेकवाले पाडलं होतं, आणि त्यांनीही ते मुकाट्याने पत्करलं होतं.

याला कारण होतं. विशीत असताना ब्रेक नसलेल्या सायकलवरून उतारावरून येताना ते एका भिंतीवर जाऊन आदळले होते. तेव्हापासून समोरचे दोन दात खोटे, आणि डाव्या हाताची दोन बोटं धड वाकत नाहीत. हा प्रसंग ते ज्याला त्याला सांगायचे आणि दर वेळी तो उतार जरा आणखी तीव्र व्हायचा. त्यांची बायको पोस्टात पार्सलच्या काउंटरवर होती. ती म्हणायची, "लग्नाच्या वेळी तो उतार होता. आता कडा झालाय."

आता अशा माणसाच्या पोटी भिंगरी यावी, याला काय म्हणावं?

भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेच्या दाखल्यावर वेगळंच नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुरतं. सातव्या वर्षी ती मोठ्यांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून गल्लीभर हिंडायची, आणि दहाव्या वर्षापासून दुकानात दुरुस्त झालेली प्रत्येक सायकल चालवून बघायचं काम तिच्याकडे आलं. कुणी दिलं नव्हतं, तिने घेतलं होतं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानापासून झेरॉक्सच्या दुकानाला वळसा घालून परत यायचं, एवढी ती फेरी. पण परत आल्यावर ती जे सांगायची, ते मिस्त्रींच्या, पंचवीस वर्षं पाना-पक्कड फिरवूनही, नजरेतून कधीकधी सुटलेलं असायचं. "बाबा, मागच्या चाकाच्या आसावरचा कोन सैल आहे, डावीकडे वळताना कुरकुरतं." मिस्त्री म्हणायचे, काहीतरीच. मग खोलून बघायचे, आणि कोन सैल निघायचा. पुढे पुढे त्यांनी काहीतरीच म्हणणं सोडून दिलं. पोरीचं बूड सायकलला टेकलं की तिला सायकलच्या पोटातलं कळतं, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि सांगताना त्यांचे खोटे दातसुद्धा चमकायचे.

भिंगरी तेरा वर्षांची झाली त्या वर्षी एक उंच, केस बारीक कापलेली बाई एक सुटं चाक खांद्याला अडकवून दुकानात आली. चाक वाकडं फिरत होतं, त्याचा आऊट काढून हवा होता. मिस्त्री स्पोक आवळत बसले, आणि तेवढ्यात भिंगरी कुणाच्या तरी सायकलवरून फेरी मारून आली. बाई तिच्या पायांकडे बघत राहिली.

"हिचे पाय थांबतात कधी?" तिने विचारलं.

"झोपल्यावर," मिस्त्री म्हणाले. "तेव्हाही खात्री देत नाही."

ती बाई स्टेडियममागच्या सायकल ट्रॅकवर मुलींना शिकवायची. तिला सगळे मॅडम म्हणायचे. ती म्हणाली, नवीन मुलींचा गट बनतोय, तेरा वर्षांपर्यंतच्या. रविवारी पाठवा, बघू. मिस्त्रींच्या मनात आलं, मैदान असेल, गोल गोल फिरवत असतील, पोरीला बरं वाटेल. लगेच हो म्हणून मोकळे झाले.

रविवारी त्यांनी तो ट्रॅक पाहिला. मैदान कसलं, सिमेंटची भलीमोठी परात होती ती. दोन्ही टोकांची वळणं इतकी तिरकी, की त्यांवर माणूस उभा राहायला गेला तर बसूनच खाली यावा. आणि त्या भिंतींवरून पोरी सायकली हाणत होत्या. मिस्त्रींनी कठड्याला टेकवलेली एक सायकल हातात घेतली. पिसासारखी हलकी. त्यांनी सवयीने हँडलकडे हात नेला, आणि हात तसाच अधांतरी राहिला.

"ब्रेक कुठे आहे हिचा?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही म्हणजे? तुटलाय? द्या इकडे, मी बसवून देतो."

"नसतोच, मिस्त्री. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो. फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. थांबायचं असेल तर पायांनीच वेग हळूहळू मारायचा."

"आणि एकदम काही आडवं आलं तर?"

"इथे सगळ्या एकामागे एक वीतभर अंतरावर असतात. पुढचीने एकदम ब्रेक दाबला तर मागच्या तिच्यावर जाऊन पडतील. इथे ब्रेक नसण्यातच सगळ्यांचा जीव सांभाळला जातो."

पंचवीस वर्षं ज्याने गावाचे ब्रेक नीट केले, त्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे काय? पण मिस्त्रींना उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही, कारण तोवर भिंगरी त्या सायकलवर बसून निघाली होती. सरळ भागावर झकास गेली. मग वळण आलं, तिने सवयीप्रमाणे पाय थांबवले, आणि पेडलने तिला मागून लाथ मारावी तसं उचलून खाली टाकलं. कोपर सोललं, गुडघा सोलला. मिस्त्री कठडा ओलांडून धावले. तिला उठवलं आणि सरळ घरी घेऊन आले.

"ट्रॅक-बिक काही नाही," त्यांनी जिना चढता चढता जाहीर केलं. दुकानाच्या वरच्याच दोन खोल्यांत बिऱ्हाड होतं. बायकोने कापसाने पोरीचं कोपर पुसलं, आणि मिस्त्रींकडे नुसतं बघितलं.

दुसरी एखादी रुसली असती, जेवली नसती. भिंगरी पोटभर जेवली. तिसऱ्या दिवशी शाळेतून आली ती थेट दुकानात, आणि कोपऱ्यात पडलेली एक जुनी सायकल ओढून पुढे आणली. "बाबा, हिचं फ्रीव्हील जाम करून द्या."

"कशाला?"

"माझ्या पायांना थांबायची खोड आहे. ती मोडायचीय."

"ब्रेक काढणार नाही मी."

"मी कुठे म्हटलं काढा म्हणून? दोन्ही राहू देत."

नाही म्हणायला मिस्त्रींना कारण सापडेना. त्यांनी फ्रीव्हील जाम केलं, ब्रेकची रबरं नवी घातली. आणि एक लबाडी केली. रबरांच्या कडेला पांढऱ्या खडूची बारीक रेघ ओढून ठेवली. ब्रेक दाबला की रबर रिमला घासणार आणि रेघ पुसली जाणार. पोरगी किती वेळा घाबरते, ते रोज कळेल, आणि मग तिला तेच दाखवून गप्प बसवता येईल, असा त्यांचा हिशोब.

भिंगरी त्या सायकलवर शाळेत गेली, बाजारात गेली, आईला पोस्टात डबा देऊन आली. पहिले दोन दिवस वाकडीतिकडी आली, एकदा झेरॉक्सवाल्याच्या पाटीला धडकली. मिस्त्रींनी संध्याकाळी वाकून पाहिलं. रेघ जशीच्या तशी. चौथ्या दिवशी तशीच. नवव्या दिवशी तशीच. अकराव्या दिवशी मिस्त्री दुकानात उकिडवे बसून चाकाकडे टक लावून बघत होते, तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. पार्सल हातात घेतल्या घेतल्या वजन सांगणारी बाई ती.

"अकरा दिवस खडूकडे बघताय," ती म्हणाली. "पोरीकडे कधी बघणार?"

पुढच्या रविवारी मिस्त्री स्वतः भिंगरीला ट्रॅकवर घेऊन गेले.

त्यानंतरचे दोन महिने त्या पोरीने जे केलं ते सांगायला बसलं तर दुसरं काही सांगायचं राहून जाईल. आठवड्यात चार दिवस, शाळेच्या आधी. पडली तर मोजून आठ वेळा पडली, आणि आठही वेळा उठून आधी सायकल तपासली, मग स्वतःला. वळणावर वर चढायचं, तिथून घरंगळत खाली यायचं, पुढचीच्या मागच्या चाकावर नजर ठेवायची, पण तिथेच अडकू द्यायची नाही. तिच्यापेक्षा वर्षभर आधी आलेली एक काटकुळी, हातभर उंच मुलगी होती. तिला सगळ्या लांबडी म्हणायच्या. फार बोलायची नाही. ती एकदा भिंगरीला म्हणाली, "तुझ्या मागे चालवायला बरं पडतं. तू मध्येच काही करत नाहीस." भिंगरीने हे घरी येऊन तीनदा सांगितलं.

मग चाचणी ठरली. चौघीजणींनी एकामागे एक अशा रांगेत वीस फेऱ्या मारायच्या. दर फेरीला पुढचीने वर सरकून रांगेच्या शेवटी यायचं, रांग तुटू द्यायची नाही. जमलं तर गटात कायमची जागा आणि हंगामभर सायकल. नाही जमलं तर भिंगरीपुरतं संपलं, कारण पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं.

चाचणीच्या दोन दिवस आधी मॅडमनी भिंगरीची सायकल दुकानात पाठवली. चाकातले छर्रे बदलून, ग्रीस भरून द्या म्हणाल्या. आणि इथे मिस्त्रींचं डोकं फिरलं. दोन महिने कठड्याशी उभं राहून त्यांनी त्या चार चाकांमधलं वीतभर अंतर पाहिलं होतं. डोळे मिटले तरी तेच दिसायचं. भर दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि ते कामाला बसले. लहान मुलांच्या सायकलीचा एक चिमुकला ब्रेक घेतला, कानशीने घासून आणखी लहान केला, मागच्या चाकाजवळ पट्टीने आवळला. केबल नळीच्या खालच्या अंगाने नेली, वर नळीच्या रंगाची काळी टेप गुंडाळली. तळहातात मावेल असा खटका हँडलच्या वळणात, बरोबर बोटाखाली. चार हातांवरून कुणाला दिसला असता तर मिस्त्रींनी दुकान विकलं असतं. इतकं सुरेख काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतकं चुकीचंही.

भिंगरीपासून काय लपणार? संध्याकाळी तिने सायकल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "बाबा, ही जड झालीय." मग तिचं बोट टेपवरून फिरत फिरत खटक्यापर्यंत गेलं. "हे चालत नाही तिथे."

"दिसत नाही कुणाला."

"मला नकोय तो."

"मग नको दाबूस. नुसता असू दे. पण फार घाबरलीस तर दाबायचा. एवढं कबूल कर. माझ्या जिवाला बरं वाटेल."

भिंगरी हँडल धरून उभी राहिली. तिच्यासाठी ब्रेक लावणारा, जाम करणारा, आणणारा, नेणारा बाप आज पहिल्यांदा तिच्याकडे काहीतरी मागत होता. "बरं," ती म्हणाली.

रविवारी सकाळी मॅडम एकेक सायकल हातात घेऊन नट तपासत होत्या. भिंगरीची आली तशी त्यांनी बाजूला केली. "ही मिस्त्रींच्या हातून आलीय. ही बघायला नको." मिस्त्री कठड्याशी उभे होते, शेजारी बायको. त्यांनी मान खाली घातली.

पाच फेऱ्या रांग दोरीने ओवल्यासारखी गेली. सहाव्या फेरीला भिंगरी दुसरी होती आणि लांबडी तिच्या मागे. वळणावर पुढची मुलगी जराशी डगमगली, कणभर मंदावली. असं तर रोज व्हायचं. रोज भिंगरीचे पाय आपोआप जड व्हायचे आणि अंतर जुळायचं. आज बोट मिटलं. मागचं चाक कचकन धरलं गेलं, लांबडीचं पुढचं चाक त्याला शिवलं, आणि ती उंच पोर आडवी होऊन सिमेंटवरून घसरत खाली आली.

जबर काही नव्हतं. मांडी सोलवटली, कोपरातून रक्त आलं. मॅडमनी आधी तिला बसवलं, पाणी दिलं, हातपाय हलवून पाहिले. मग भिंगरीची सायकल उलटी केली आणि टेपवरून नख फिरवत नेलं. खटका सापडला तसा त्यांनी तो एकदा दाबून पाहिला.

"काम सुरेख आहे," त्या म्हणाल्या. शिवी दिली असती तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं.

"मी लावला," भिंगरी म्हणाली.

"खोटं बोलते ती." मिस्त्री कठडा ओलांडून आले होते. "मी लावला. ती नको म्हणत होती. मीच तिच्याकडून कबूल करून घेतलं."

मॅडमनी भिंगरीकडे पाहिलं. "दाबलास का?"

"पाय थांबवतच होते, मॅडम." तिने डोळे पुसले. "पण तो बोटाखाली होता. नसता तर मी घाबरलेच नसते."

मिस्त्रींना आतवर काहीतरी लागलं ते या वाक्याने. आजवर त्यांची समजूत अशी, की भीती आधी असते आणि ब्रेक तिच्यावरचा उपाय. आणि ही तेरा वर्षांची पोरगी रडत रडत उलटंच सांगत होती, आणि ते खरं होतं.

"मिस्त्री, तुमचं मन मला कळतं," मॅडम म्हणाल्या. "पण माझी अडचण समजून घ्या. आता हिच्या मागे कोण चालवणार? पुढची ब्रेक दाबणार नाही, या भरवशावर मागची वीतभर अंतरावर येते. तो भरवसा नसेल तर वेग कितीही असो, मला उपयोग नाही."

भिंगरी सायकल सोडून बाजूला झाली. तिने नाक पुसलं आणि ती लांबडीपुढे जाऊन उभी राहिली. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली. बापाचं नाव घेतलं नाही.

लांबडीने कोपराला रुमाल गुंडाळला होता. ती रुमाल बघत राहिली, मग सायकल बघत राहिली. "मी बसते हिच्या मागे," ती म्हणाली. "आधी ते काढा."

आता पाना मिस्त्रींच्या खिशात कायमचाच. ते ट्रॅकच्या कडेला बसले. आयुष्यात त्यांनी हजारो ब्रेक बसवले होते, पण चालत्या सायकलचा ब्रेक काढून ती तशीच कुणाच्या हवाली करायची वेळ कधी आली नव्हती. आणि हवाली करायची होती ती स्वतःच्या मुलीच्या. डाव्या हाताची ती दोन बोटं नेहमीप्रमाणे कामाला येत नव्हती. भिंगरी शेजारी उकिडवी बसली आणि तिने टेपचं टोक धरलं. बापलेकींनी मिळून टेप उलगडली, केबल ओढून काढली, पट्टी सैल केली. शेवटी मिस्त्रींनी मागचं चाक उचलून फिरवलं. ते कशालाही न घासता फिरत राहिलं.

"आता बरोबर आहे," ते मॅडमना म्हणाले. "पण तुम्ही स्वतः एकदा बघून घ्या. माझ्या भरवशावर राहू नका." मॅडमनी बघून घेतलं.

ते कठड्याशी परत आले, तेव्हा काढलेला ब्रेक, खटका, केबल सगळं हातातच होतं. खिशात घालायचं राहून गेलं. बायको जरा जवळ सरकली.

पुन्हा पहिल्यापासून वीस फेऱ्या. लांबडीने शब्द पाळला. दुखऱ्या कोपराने ती भिंगरीच्या चाकाला इतकी खेटून राहिली, की कठड्यावरून बघणाऱ्याचा श्वास अडकावा. सहावी फेरी आली, तेच वळण आलं, आणि पुढची मुलगी पुन्हा तशीच डगमगली. मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. भिंगरीचे पाय क्षणभर जड झाले, लगेच हलके झाले, वीतभर अंतर वीतभरच राहिलं आणि रांग वळणातून बाहेर पडली. मागे लांबडीला कळलंसुद्धा नसेल. मिस्त्रींना कळलं. पंचवीस वर्षांत इतकं सफाईदार काम त्यांनी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नव्हतं.

दहा झाल्या. पंधरा झाल्या. एकोणिसाव्या फेरीला भिंगरी सगळ्यांत पुढे होती, भिंतीसारख्या वळणावर आडवी होऊन, पाय दिसत नव्हते इतके फिरत होते. विसाव्या फेरीला मॅडमनी हात वर केला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग लांबडीकडे बघून विचारलं, "हिच्या मागे रोज चालवशील?" लांबडीने होकारार्थी मान हलवली.

सायकली लगेच थांबत नाहीत त्या. चौघी आणखी दोन-तीन फेऱ्या हळूहळू फिरत राहिल्या. मग भिंगरी घामाने निथळत कठड्याशी आली, आणि तिने एका हाताने कठडा धरला. हसणार होती, पण तिची नजर बापाच्या उजव्या हातावर गेली.

मिस्त्रींच्या मुठीत तो खटका होता. दाबलेला. वीस फेऱ्या, दर वळणाला, त्यांनी तो जीव खाऊन दाबून धरला होता. बोटं पांढरी पडली होती, केबलचं टोक मोकळं लोंबत होतं, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता.

भिंगरीने कठड्यावरून हात पुढे केला आणि त्यांची बोटं एकेक करून उघडली. तळहातावर खटक्याचा लालभडक वण उमटला होता.

"झालं, बाबा," ती म्हणाली. "सोडा आता."